वृद्धांच्या खुब्याचा अस्थिभंग आणि शस्त्रक्रियेनंतरचे इम्प्लांटचे अपयश : एक विवेचन

सारांश

वृद्धापकाळी घरातल्या घरात पडूनही खुब्याचे हाड मोडते. अशा अस्थिभंगावर स्क्रू, प्लेट किंवा रॉड बसवून शस्त्रक्रिया केली जाते. बहुसंख्य रुग्णांत ती यशस्वी होते; काहींमध्ये मात्र हाड सांधण्यापूर्वीच धातूची पकड सुटते किंवा धातूच तुटतो. 'रॉड हलक्या प्रतीचा होता', 'लवकर चालवले' आणि 'वयच झाले होते' अशी या अपयशाची तीन स्पष्टीकरणे समाजात दिली जातात. प्रस्तुत लेखात खुब्याची रचना, त्यावरील भार, इम्प्लांटचा इतिहास आणि उपलब्ध संशोधन यांच्या आधारे ही स्पष्टीकरणे तपासली असून, अपयशाची कारणे बहुतांशी शस्त्रक्रियेच्या वेळच्या निर्णयांत व कौशल्यात शोधावी लागतात, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : खुबा, अस्थिभंग, हाडांची ठिसूळता, इम्प्लांट, स्क्रूचे स्थान, वृद्धांचे आरोग्य.

१. प्रस्तावना

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते याहून अधिक, म्हणजे सुमारे ९.९ टक्के होते. वाढत्या आयुर्मानाबरोबर ज्या व्याधींची संख्या वाढते, त्यांत खुब्याच्या अस्थिभंगाचे स्थान वरचे आहे. १९९० साली जगभरात सुमारे १६.६ लाख व्यक्तींना हा अस्थिभंग झाला आणि २०५० पर्यंत ही संख्या ६२ लाखांच्या पुढे जाईल, असा अंदाज १९९२ मध्ये मांडण्यात आला होता. या वाढीत आशिया खंडाचा वाटा मोठा असेल, असेही त्यात म्हटले होते.

खुब्याचा अस्थिभंग म्हणजे केवळ एक हाड मोडणे नव्हे. अनेक देशांतील अभ्यासांत अशा वृद्ध रुग्णांपैकी २० ते ३० टक्के रुग्ण वर्षभरात दगावल्याचे आढळले आहे. जे वाचतात त्यांतील अनेकांना पूर्वीसारखे स्वतंत्रपणे चालता येत नाही. अशा स्थितीत पहिली शस्त्रक्रिया फसणे म्हणजे आधीच क्षीण झालेल्या देहाला दुसऱ्या, अधिक कठीण शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागणे होय. म्हणून हे अपयश का येते, हा प्रश्न केवळ शल्यचिकित्सकांपुरता मर्यादित राहत नाही. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तो भेडसावतो.

२. खुब्याची रचना व अस्थिभंगाचे प्रकार

मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते. त्यास शीर्ष म्हणतात. हे शीर्ष कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. शीर्ष आणि हाडाचा सरळ दांडा यांना जोडणारा तिरपा भाग म्हणजे ग्रीवा होय. ग्रीवा व दांडा यांच्यातील कोन प्रौढांत साधारणतः १२५ ते १३५ अंशांचा असतो. जेथे ग्रीवा दांड्याला मिळते तेथे बाहेरच्या बाजूस एक मोठा व आतल्या-मागल्या बाजूस एक लहान असे दोन उंचवटे असतात.

अस्थिभंग कोठे झाला यावर पुढील सारे गणित अवलंबून असते. ग्रीवेचा अस्थिभंग सांध्याच्या आवरणाच्या आत होतो. शीर्षाला रक्त पुरवणाऱ्या प्रमुख वाहिन्या ग्रीवेच्या पृष्ठभागावरूनच वर जातात. तुकडे सरकले की या वाहिन्या फाटतात आणि रक्ताअभावी शीर्ष निर्जीव होऊन पुढे खचण्याचा धोका निर्माण होतो. दोन उंचवट्यांमधील अस्थिभंगात रक्तपुरवठ्याची अडचण सहसा नसते; तेथील हाड सांधते, पण सांधेपर्यंत तुकडे योग्य जागी धरून ठेवणे कठीण असते. लहान उंचवट्याच्या खालील अस्थिभंगात दांड्याच्या आतल्या बाजूवर मोठा दाब व बाहेरच्या बाजूवर मोठा ताण येतो. त्यामुळे तेथे धातूची कसोटी लागते.

३. सांध्यावर पडणारा भार

या विषयाचा यंत्रशास्त्राशी असलेला संबंध जुना आहे. झुरिच येथील शरीररचनाशास्त्रज्ञ हर्मन फॉन मायर व अभियंते कार्ल कुलमन यांनी १८६६-६७ च्या सुमारास मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील सूक्ष्म अस्थिजाळीची तुलना भार उचलणाऱ्या क्रेनमधील ताण-दाबाच्या रेषांशी केली. हाडाची अंतर्गत बांधणी त्यावर येणाऱ्या भाराला अनुसरून होते, हा विचार पुढे १८९२ मध्ये युलियस वोल्फ यांनी सिद्धान्तरूपाने मांडला.

चालताना एक पाय उचलला की शरीराचे वजन दुसऱ्या पायाच्या खुब्यावर येते. कंबर एका बाजूस कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू ती ओढून धरतात. येथे तरफेचे तत्त्व लागू होते : सांध्यापासून स्नायूंचे अंतर कमी आणि शरीराच्या वजनाचे अंतर जास्त असल्यामुळे स्नायूंना वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, आणि हा जोरही सांध्यावरच येतो. बर्लिन येथील गेओर्ग बेर्गमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम सांध्यातच मोजमापाची उपकरणे बसवून हा भार प्रत्यक्ष मोजला. सामान्य चालीत तो देहाच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भरला, तर ठेच लागून तोल सावरताना आठ पटींहून अधिक नोंदला गेला. म्हणजे ५० किलो वजनाच्या वृद्धेच्या खुब्यावर साध्या चालण्यातही सुमारे १२५ किलोंचा भार येतो.

हा भार पुनःपुन्हा येतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. एखाद्या रुग्णाने दिवसाला केवळ १,००० पावले टाकली, तरी मोडलेल्या बाजूवर ५०० वेळा भार येईल आणि ९० दिवसांत ही संख्या ४५,००० होईल. तार पुनःपुन्हा वाकवली की तुटते, त्याचप्रमाणे कोणताही धातू आवर्ती भाराने थकतो. हाड वेळेवर सांधले तर ते भाराचा वाटा उचलते आणि धातूवरील ताण उतरतो. हाड सांधले नाही, तर उत्तम धातूदेखील कधीतरी हार खातो. शस्त्रक्रियेनंतर हाड सांधणे आणि धातूची पकड सुटणे यांच्यात जणू शर्यत लागलेली असते.

४. इम्प्लांटची जडणघडण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रुग्णांना कित्येक आठवडे वजने लावून किंवा प्लास्टरमध्ये जखडून खाटेवर ठेवले जाई. त्यातून न्यूमोनिया, शय्याव्रण व रक्ताच्या गुठळ्या हे उपद्रव उद्भवत आणि अनेकांचा अंत होई. बोस्टन येथील मारियस स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांच्या खिळ्याने ग्रीवेचा अस्थिभंग जोडण्याची पद्धत १९३१ मध्ये प्रसिद्ध केली आणि चित्र पालटू लागले. पुढे १९४१ मध्ये यूजीन ज्युएट यांनी खिळा व प्लेट एकसंध असलेले साधन पुढे आणले. हे साधन ताठ होते. सांधताना हाडाचे तुकडे थोडे खचतात. पण खिळा मागे सरकू शकत नसे. परिणामी तो शीर्ष भेदून सांध्यात शिरे, किंवा स्वतः मोडे.

या अनुभवातून १९५० च्या दशकात सरकत्या स्क्रूची कल्पना रुजली. शीर्षातील जाड स्क्रू प्लेटच्या नळीत मागे सरकू शकतो; त्यामुळे तुकडे एकमेकांवर दाबले जाऊन हाड सांधण्यास मदत होते. 'डायनॅमिक हिप स्क्रू' या नावाने परिचित असलेले साधन याच तत्त्वावर चालते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हाडाच्या पोकळीतून घालावयाचा आखूड रॉड व त्यातून शीर्षात जाणारा स्क्रू अशी 'गॅमा नेल'ची रचना आली. भारवाहक रॉड सांध्याच्या अधिक जवळ येत असल्याने त्यावर पडणारा वाकवणारा जोर कमी होतो. मात्र प्रारंभीच्या रॉडच्या टोकाशी मांडीचे हाड नव्याने मोडण्याचे प्रकार घडले आणि रचना सुधारावी लागली. इम्प्लांटच्या विकासाचा हा इतिहास अपयशांचे निरीक्षण करून केलेल्या दुरुस्त्यांचा इतिहास आहे.

५. अपयशाची रूपे

अपयश एकाच प्रकारे येत नाही. वृद्धांमध्ये नेहमी आढळणारे रूप म्हणजे 'कट-आउट' : शीर्ष आत व खाली झुकते आणि स्क्रूचे टोक ठिसूळ हाड कापीत शीर्षाबाहेर येते. कधी स्क्रू शीर्षातून आरपार सांध्यात घुसतो. दोन स्क्रूंच्या रॉडमध्ये एक स्क्रू आत व दुसरा बाहेर सरकतो; त्यास 'झेड-परिणाम' म्हणतात. कधी स्क्रू प्रमाणाबाहेर मागे सरकून पाय आखूड होतो, तर कधी प्लेट दांड्यापासून उखडते. रॉड तुटलाच, तर तो बहुधा स्क्रूसाठी पाडलेल्या छिद्राशी तुटतो, कारण तेथे धातूचा छेद सर्वांत कमी असतो. यांखेरीज हाड न सांधणे, शीर्ष निर्जीव होणे आणि जंतुसंसर्ग हीही अपयशाची रूपे होत.

कट-आउटसारखे प्रकार बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घडतात, तर रॉड तुटणे हे सहसा उशिरा घडते. उशिरा तुटलेला रॉड बहुतेकदा एकच गोष्ट सांगतो : हाड सांधले नव्हते.

६. अपयश ठरविणारे पाच घटक

अमेरिकन शल्यचिकित्सक हर्बर्ट कॉफर यांनी १९८० मध्ये हाड व इम्प्लांट यांच्या जोडणीचे बळ पाच घटकांवर अवलंबून असल्याचे मांडले : हाडाची प्रत, तुकड्यांची रचना, तुकड्यांची जुळणी, इम्प्लांटची निवड आणि इम्प्लांटचे स्थान. यांपैकी पहिले दोन घटक रुग्णाबरोबरच येतात. उरलेले तीन शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाती असतात.

(अ) हाडाची प्रत : वयोमानाने व विशेषतः रजोनिवृत्तीनंतर हाडातील जाळी विरळ होते. भारतीय अस्थितज्ज्ञ मनमोहन सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये खुब्याच्या साध्या एक्स-रेवरून या जाळीची सहा श्रेणींत प्रतवारी करण्याची पद्धत मांडली. 'सिंग निर्देशांक' या नावाने ती जगभर ओळखली जाते. विरळ हाडात स्क्रूची पकड भुसभुशीत भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी असते. तरीही ठिसूळ हाडाच्या अनेक रुग्णांत शस्त्रक्रिया यशस्वी होते, हे विसरून चालणार नाही.

(आ) तुकड्यांची रचना : आतल्या-मागल्या बाजूचा आधार शाबूत असेल तर भार हाडातून हाडात जातो. तो आधार तुटला असेल तर सारा भार धातूवर येतो. बाहेरच्या भिंतीचेही असेच महत्त्व आहे. डेन्मार्कमधील हेन्रिक पाम व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सरकत्या स्क्रूने उपचार केलेल्या २१४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरची भिंत शाबूत असलेल्या १६८ रुग्णांपैकी ५ जणांवर, तर ती मोडलेल्या ४६ पैकी १० जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे अनुक्रमे ३ व २२ टक्के. लक्षणीय बाब अशी की, ही भिंत बहुतेक वेळा पडण्याने नव्हे, तर शस्त्रक्रियेच्या दरम्यान मोडली होती.

(इ) तुकड्यांची जुळणी : ग्रीवा व दांडा यांच्यातील कोन मूळच्यापेक्षा कमी राहिला, तर भाराची तरफ लांबते आणि प्रत्येक पावलागणिक शीर्ष अधिक झुकू लागते. स्क्रू घालण्यापूर्वी जुळणी साधली नसेल, तर इम्प्लांट ती साधून देत नाही. ते असलेली स्थिती केवळ पक्की करते.

(ई) इम्प्लांटची निवड : अस्थिभंगाची रेषा नेहमीच्या उलट दिशेने तिरपी असेल, तर सरकता स्क्रू तुकडे जवळ आणण्याऐवजी दूर नेतो. मेयो क्लिनिकमधील २००१ च्या अभ्यासात अशा अस्थिभंगावर हे साधन वापरलेल्या १६ पैकी ९ रुग्णांत अपयश आले. साधन उत्तम होते, पण जागा त्याची नव्हती. ग्रीवेच्या अस्थिभंगाबाबत स्वीडनमधील १२ रुग्णालयांतील सत्तरीपुढील ४०९ रुग्णांवरील २००२ चा अभ्यास बोलका आहे. तुकडे सरकलेल्या अस्थिभंगात स्क्रूने जोडणी केलेल्या गटात दोन वर्षांत ४३ टक्के अपयश आले. कृत्रिम सांधा बसविलेल्या गटात ते ६ टक्के होते. म्हणूनच अशा वृद्ध रुग्णांत आज सहसा अर्धा वा पूर्ण सांधा बदलला जातो. याउलट, सुयोग्य साधनांपैकी कोणते निवडावे याचा फरक अनेकदा किरकोळ असतो. ग्रीवेच्या अस्थिभंगाच्या सुमारे १,१०० रुग्णांवरील २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सरकता स्क्रू वापरलेल्या २० टक्के व अनेक बारीक स्क्रू वापरलेल्या २२ टक्के रुग्णांवर दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

(उ) इम्प्लांटचे स्थान : १९९५ मध्ये मायकेल बाउमगार्टनर व सहकाऱ्यांनी एक साधे मोजमाप सुचविले. स्क्रूच्या टोकापासून शीर्षाच्या शिखरबिंदूपर्यंतचे अंतर समोरून व बाजूने घेतलेल्या दोन एक्स-रेंवर मोजावयाचे व त्यांची बेरीज करावयाची. एक्स-रेमध्ये प्रतिमा मोठी दिसत असल्याने स्क्रूच्या ज्ञात जाडीवरून दुरुस्ती करतात. उदाहरणार्थ, ८ मिलिमीटर जाडीचा स्क्रू चित्रात १० मिलिमीटर दिसत असेल, तर प्रतिमा सव्वापट आहे. चित्रावरील अंतरे १४ व १६ मिलिमीटर भरली, तर बेरीज ३० आणि प्रत्यक्ष मूल्य २४ मिलिमीटर होईल. त्यांच्या १९८ अस्थिभंगांपैकी १६ मध्ये कट-आउट झाला. परंतु ही बेरीज २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलेल्या एकाही रुग्णात तो झाला नाही. यशस्वी रुग्णांत सरासरी २४, तर अपयशी रुग्णांत ३८ मिलिमीटर होती.

याचा पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. हे मोजमाप शल्यचिकित्सकांच्या परिचयाचे झाल्यानंतर केलेल्या ११८ अस्थिभंगांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी बेरीज २५ वरून २० मिलिमीटरवर आली होती आणि कट-आउटचे प्रमाण ८ टक्क्यांवरून शून्यावर आले होते. रुग्णांचे वय वा हाडाची प्रत बदलली नव्हती. स्क्रू कोठे बसला हे मोजण्याची शिस्त तेवढी आली होती. स्क्रूऐवजी सर्पिल पाते वापरल्यास मात्र ते शीर्षाच्या अगदी कडेशी नेल्याने आरपार जाण्याचा धोकाही नोंदला गेला आहे. म्हणून हा आकडा सर्व साधनांना आंधळेपणाने लावता येत नाही.

७. प्रचलित समजांची चिकित्सा

'रॉड हलका होता' हे स्पष्टीकरण क्वचितच पुरेसे ठरते. सदोष धातू असू शकतो. परंतु कट-आउटमध्ये धातू अभंग असतो आणि हाड हरलेले असते. 'वयच झाले होते' यात तथ्याचा अंश आहे. तथापि त्याच वयाच्या व तशाच हाडाच्या रुग्णांत योग्य जुळणी व योग्य स्थान साधल्यास यश येते, हे वरील आकड्यांवरून दिसते.

सर्वांत अन्यायकारक समज 'लवकर चालवले म्हणून बिघडले' हा आहे, कारण त्याचा दोष रुग्णावर अथवा तिला हात धरून उठविणाऱ्या सुनेवर, मुलीवर येतो. वास्तविक खाटेवर पडूनही सांधा भारमुक्त राहत नाही. शय्यापात्र घेण्यासाठी कंबर उचलतानाही स्नायूंच्या आकुंचनाने खुब्यावर मोठा भार येतो. 'पायावर अर्धेच वजन टाका' ही सूचना वृद्धांना पाळता येत नाही, असेही अभ्यासांत आढळले आहे. दुसरीकडे, केनेथ कोवाल व सहकाऱ्यांच्या १९९८ च्या अभ्यासानुसार मोकळीक दिल्यास वृद्ध रुग्ण प्रारंभी आपणहून कमी वजन टाकतात व हाड सांधेल तसे ते वाढवीत नेतात. म्हणून जोडणी चालण्याचा भार सोसेल इतकी भक्कम असावी, हे शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट मानले जाते. शल्यचिकित्सकाने विशिष्ट कारणास्तव वजन टाकण्यास मनाई केली असल्यास ती अर्थातच पाळली पाहिजे.

८. अपयशाची चाहूल व पुढील उपाय

सुधारत असलेली चाल पुन्हा बिघडणे, जांघेत वा मांडीत नव्याने वेदना होणे, पाय आखूड भासणे किंवा पाऊल बाहेर वळणे ही चाहूल होय. 'म्हातारपणी दुखायचेच' असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास स्क्रू वाटीचेही नुकसान करतो. समोरून व बाजूने असे दोन्ही एक्स-रे काढून ते शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक्स-रेंशी ताडून पाहावे लागतात. म्हणून जुने एक्स-रे जपून ठेवणे अत्यावश्यक आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी करून व गरजेनुसार सांध्यातील द्रव काढून जंतुसंसर्ग नाही याची खात्री करतात. शीर्ष सजीव व हाड बरे असल्यास पुन्हा जोडणी करता येते. वृद्धांत बहुधा कृत्रिम सांधा बसवावा लागतो. जुन्या स्क्रूंची छिद्रे व झिजलेले हाड यांमुळे ही शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड ठरते.

मूळ व्याधी, म्हणजे हाडांची ठिसूळता, इम्प्लांटने बरी होत नाही. खुब्याच्या अस्थिभंगानंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिड दिलेल्या रुग्णांत नव्या अस्थिभंगांचा धोका ३५ टक्क्यांनी व मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २,१२७ रुग्णांवरील २००७ च्या चाचणीत दिसले. तरीही टाके निघाले की उपचार संपले, असे मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. दुसऱ्या बाजूचा खुबा मोडण्याची वाट पाहण्यापेक्षा या उपचारांबाबत, तसेच दृष्टी, औषधे व घरातील निसरड्या जागा यांबाबत वेळीच विचार होणे अगत्याचे आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. इम्प्लांटचे अपयश हे हाड, तुकड्यांची रचना, जुळणी, साधनाची निवड व त्याचे स्थान यांच्या एकत्रित परिणामातून येते; एकट्या धातूला वा एकट्या वयाला त्याचे कारण मानणे युक्त नाही.

२. यांपैकी तीन घटक शस्त्रक्रियेच्या वेळी नियंत्रणात असतात. मोजमापाच्या शिस्तीने अपयश कमी करता येते, हे १९९५ व १९९७ च्या अभ्यासांनी दाखविले आहे. शस्त्रक्रियागृहातील अखेरच्या दोन एक्स-रेंवर हे अंतर मोजून ते रुग्णपत्रिकेत नोंदविणे ही खर्चाविना पाळता येण्याजोगी पद्धत आहे.

३. रुग्ण लवकर चालला म्हणून अपयश आले, हा निष्कर्ष एक्स-रे न तपासता काढणे चुकीचे व क्लेशदायक आहे. चालण्याच्या भीतीपोटी खाटेला खिळवून ठेवलेला वृद्ध अधिक धोक्यात असतो.

४. कुटुंबीयांनी शल्यचिकित्सकास तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल : अस्थिभंग स्थिर आहे की अस्थिर? हेच साधन का निवडले? आणि शस्त्रक्रियेनंतर जुळणी व स्क्रूचे स्थान समाधानकारक आहे का? या प्रश्नांची उत्तरे रुग्णालय सोडण्यापूर्वी मिळाली, तर पुढे एखादे अपयश आलेच तरी त्याचा दोष रुग्णाच्या पावलांवर येणार नाही.